विद्युत अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमातून ‘मशीन्स’ मागे कशी पडली?

विद्युत अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम बदलायला हवा, याबद्दल आता फारसे दुमत नाही. भांडण आहे ते काय काढायचे यावर. एम्बेडेड सिस्टिम, पॉवर इलेक्ट्रॉनिक्स, मशीन लर्निंग, सायबर सुरक्षा यांना जागा द्यायची तर चार वर्षांतले काहीतरी जाणारच, आणि चर्चा सुरू झाली की पहिली नजर वळते ती इलेक्ट्रिकल मशीन्सच्या, म्हणजे मोटर, जनित्र, ट्रान्सफॉर्मर यांच्या प्रयोगशाळेकडे. ही ओढाताण जुनी आहे.

१८८२ मध्ये जर्मनीत डार्मस्टाटला विद्युत अभियांत्रिकीचे स्वतंत्र अध्यासन (प्राध्यापकपद) स्थापन झाले. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरचे वीजकेंद्र सुरू झाले. १८९३ मध्ये शिकागोच्या परिषदेत एसी सर्किटची आकडेमोड संमिश्र संख्यांनी करण्याची रीत मांडली गेली. फेजरची (एसी राशी एकाच संमिश्र संख्येने दाखवण्याची) ती रीत आजही तशीच शिकवली जाते. त्यानंतर बराच काळ जनित्र, ट्रान्सफॉर्मर, मोटर आणि पारेषण हाच विषयाचा कणा होता.

याच काळात एक जोडशब्द रुळला आणि त्याने पुढे बराच घोळ घातला: हेवी करंट आणि लाइट करंट. वीजकेंद्र, मोटर म्हणजे हेवी. तार, टेलिफोन, रेडिओ म्हणजे लाइट. वरवर ही विभागणी अँपिअरची वाटते, पण खरा फरक हेतूचा होता. एकीकडे ऊर्जा पोचवायची, दुसरीकडे संदेश. १९६३ मध्ये अमेरिकेत या दोन बाजूंच्या व्यावसायिक संस्था एक झाल्या. त्यांतली एक १८८४ पासूनची, दुसरी १९१२ पासूनची. तरीही शिकवण्यातली भिंत लगेच पडली नाही. पेपर, प्रयोगशाळा, शिक्षकांच्या नेमणुका अनेक ठिकाणी याच रेषेने वाटल्या जात राहिल्या. सौरप्रकल्पातला इन्व्हर्टर, म्हणजे डीसी विजेची एसी करणारे उपकरण, मग कुठे बसवायचा? त्यातून शेकडो अँपिअर वाहतात, आणि त्याचे स्विच सेकंदाला हजारो वेळा उघडमीट करतात ते प्रोसेसरच्या आदेशाने.

खरा कलाटणीचा निर्णय १९५५ चा. दुसऱ्या महायुद्धात रडारच्या कामात पुढे होते ते भौतिकशास्त्रज्ञ. हँडबुक आणि कार्यशाळेवर वाढलेला अभियंता तिथे तोकडा पडला, ही बोच अमेरिकेतल्या शिक्षकांना होती. १९५२ मध्ये अभियांत्रिकी शिक्षणाचा फेरविचार करायला एक समिती नेमली गेली. १९५३ च्या तिच्या प्राथमिक मसुद्यात दोन वेगळे मार्ग सुचवले होते: एक सर्वसाधारण व्यावसायिक, दुसरा विज्ञानप्रधान. त्याला कडाडून विरोध झाला. आपल्या पदवीवर दुय्यम असा शिक्का कोणाला हवा होता? १९५५ च्या अंतिम अहवालातून ती सूचना गाळली गेली. उरली ती विज्ञानप्रधान दिशा, आणि तीही सगळ्यांसाठी. सहा अभियांत्रिकी विज्ञाने पायाभूत ठरली. त्यांत विद्युत सिद्धान्त होता. हस्तकौशल्यावर भर असलेले विषय मात्र कमी करावेत असे सांगितले गेले.

माझ्या मते चूक विज्ञान आणण्यात नव्हती. त्या गणिताशिवाय ट्रान्झिस्टर, नियंत्रण प्रणाली, सिग्नल प्रोसेसिंग यांतले काहीच शिकवता आले नसते. चूक झाली ती प्रयोगशाळेला हस्तकौशल्याच्या खात्यात टाकण्यात.

उदाहरण घ्या. सिंक्रोनायझिंगच्या, म्हणजे जनित्र चालू पुरवठ्याशी जुळवून जोडण्याच्या प्रयोगात चालू पुरवठा आणि फिरणारे जनित्र यांच्यामध्ये उघडा स्विच असतो आणि त्यावर तीन दिवे लावलेले असतात. वारंवारिता ५० आणि ५१ हर्ट्झ असेल तर दिवे सेकंदाला एकदा उजळतात, मावळतात. एकामागून एक पेटू लागले तर तीन फेजांचा क्रम चुकला आहे. वेग जुळत आला की उघडझाप संथ होते, तिन्ही दिवे पूर्ण विझतात, आणि त्याच क्षणी स्विच टाकायचा. क्षण चुकला तर अख्खे मशीन हादरते. फेज, वारंवारिता आणि रोटरचे (फिरणाऱ्या भागाचे) जडत्व यांचे नाते इथे अंगाला कळते. याला निव्वळ हातकाम म्हणणे अन्यायाचे आहे.

पुढचा पट परिचित आहे. १९५८ चे इंटिग्रेटेड सर्किट, १९७१ चा मायक्रोप्रोसेसर, मग विभागांच्या नावातच शिरलेला संगणक. विद्यार्थी तिकडे वळले आणि मशीन्सचे तास आटत गेले.

मग वीजजाळेच बदलले. २८ सप्टेंबर २०१६ रोजी दक्षिण ऑस्ट्रेलियात वादळाने पारेषण वाहिन्या पडल्या, लागोपाठ व्होल्टेज घसरले, आणि पवनचक्क्यांच्या संरक्षण सेटिंगमुळे सात सेकंदांच्या आत सुमारे ४५६ मेगावॉट निर्मिती गेली. शेजारच्या राज्याकडून येणारी जोडवाहिनी अतिभाराने तुटली आणि सगळे राज्य अंधारात गेले. लागोपाठचे किती धक्के सोसायचे, ही मर्यादा नियंत्रण प्रणालीतल्या एका आकड्यात होती. जाळे चालवणाऱ्यांना ती ठाऊक नव्हती. हा आकडा नेमका हेवी आणि लाइट यांच्यामधल्या भिंतीवर बसलेला होता.

सौर पॅनेलला फिरणारे वजन नसते, त्यामुळे जाळ्यातले जडत्व घटते आणि वारंवारिता पटकन ढळते. त्यावर उपाय म्हणून ग्रिड-फॉर्मिंग, म्हणजे जाळ्याचे व्होल्टेज आणि वारंवारिता स्वतः उभी करणारे इन्व्हर्टर येत आहेत. त्यांच्या एका प्रकारात सिंक्रोनस जनित्राचे स्विंग समीकरण (रोटरचा वेग कसा बदलतो ते सांगणारे) प्रोसेसरमध्ये लिहिलेले असते, म्हणजे न फिरणारे यंत्र फिरणाऱ्या रोटरसारखे वागते. ते समीकरण मशीन्स आणि पॉवर सिस्टिमच्या तासांना शिकवले जाते, आणि तेच तास कमी करण्याचा प्रस्ताव आज पुन्हा टेबलावर आहे.