मृगातील हिरवी रेषा आणि पुण्याची वेधशाळा

दुर्बीण पाहायला आलेला माणूस बहुधा पहिला प्रश्न विचारतो, की ती किती पट मोठे दाखवते. वेधशाळेतील दुर्बिणीचे मुख्य काम मात्र प्रकाश गोळा करणे हे असते आणि त्या प्रकाशाची उकल तिला जोडलेली उपकरणे करतात.

भावनगरचे महाराजा तख्तसिंगजी यांच्या देणगीतून पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठामध्ये, 1888 साली वेधशाळा उभी राहिली. ती प्रा. कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी चालवली. मृग नक्षत्रात, बाणाच्या तीन ताऱ्यांखाली, एक धूसर तेजोमेघ, म्हणजे चमकणाऱ्या वायूचा ढग, आहे. त्याच्या वर्णपटातील, म्हणजे रंगारंगांत उकललेल्या प्रकाशातील, ठळक हिरवी रेषा ही मॅग्नेशियमच्या पट्ट्याची उरलेली कड आहे, असे इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर मानत. त्यांचेच समकालीन खगोलशास्त्रज्ञ विल्यम हगिन्स यांना ते मान्य नव्हते. वर्णपटदर्शकात प्रकाश आधी अरुंद फटीतून शिरतो आणि मग लोलकातून जाताना रंगानुसार कमीअधिक वळतो; त्यामुळे प्रकाश एकाच तरंगलांबीचा असेल, तर नेत्रिकेत, म्हणजे डोळ्याजवळच्या भिंगात, त्या फटीचीच प्रतिमा उमटते आणि तिलाच आपण रेषा म्हणतो. पट्ट्यात असंख्य रेषा दाटीवाटीने बसलेल्या असल्याने तो एका कडेला रेखीव, तर दुसऱ्या कडेला विरत गेलेला दिसतो. नायगमवाला यांनी 1891 मध्ये नोंदवले, की मृगातील ही रेषा बारीक आणि दोन्ही कडांनी रेखीवच आहे. लॉकयर यांचा तर्क त्यामुळे टिकला नाही.

ती रेषा दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची आहे, हे 1927 मध्ये अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ आयरा बोवेन यांनी दाखवले. असा उत्तेजित अणू 500.7 नॅनोमीटरचा हा प्रकाश सोडायला सरासरी अर्ध्या मिनिटाहून अधिक वेळ घेतो. प्रयोगशाळेतील वायूच्या नळीत तेवढ्या वेळात त्याला अगणित धडका बसून ऊर्जा निघून जाते. तेजोमेघ मात्र इतका विरळ असतो, की अणूला तेवढी सवड मिळते.

याच मृगाचे ‘वाहन’ बेडूक की म्हैस, यावरून दर जूनमध्ये पावसाचे भाकीत छापले जाते. सूर्य मृगात येतो हे खरे. वाहन मात्र नक्षत्रे मोजून 9ने भागल्यावर उरणाऱ्या बाकीवरून ठरवतात आणि त्या बाकीचा ढगांशी काहीही संबंध नाही.

नायगमवाला 1912 मध्ये निवृत्त झाल्यावर वेधशाळा बंद झाली आणि तिची 20 इंची दुर्बीण कोडईकनालला गेली. पुण्याचे हे नुकसान मला फार मोठे वाटते. विद्यापीठांतील संशोधकांसाठी आयुका या पुण्यातील खगोलशास्त्र संशोधन संस्थेची 2 मीटर व्यासाची दुर्बीण जुन्नरच्या बाजूला गिरवली येथे सुरू व्हायला 2006 साल उजाडले. तिच्या मागे बसवलेल्या उपकरणातही वर्णपट घेताना प्रकाश अरुंद फटीतूनच आत सोडतात.