खाणमालकाचे इंजिन आणि चाकाची पकड

महूच्या पुढचा पातालपाणी ते कालाकुंड हा घाट ज्या इंदूरकरांनी जुन्या मीटरगेज गाडीने पाहिला आहे, त्यांना पावसाळ्यातले एक दृश्य आठवत असेल. दर ४० मीटरला १ मीटर चढणाऱ्या त्या वाटेवर रूळ ओले झाले की इंजिनाची चाके जागच्या जागी गरगर फिरू लागत आणि गाडी तसूभरही पुढे सरकत नसे. मग ड्रायव्हर वाळू सोडत असे. चाकापुढे वाकवलेल्या नळीतून मूठभर कोरडी वाळू रुळावर पडे, चाकाखाली करकर चिरडली जाई आणि गाडी हळूहळू चालू लागे. इंजिनात ताकद नव्हती असे नाही, ती रुळापर्यंत पोचत नव्हती, आणि जड मालगाडीचे सारे गणित या एका फरकात दडलेले आहे.

पोलादी चाक पोलादी रुळाला टेकते तेव्हा प्रत्यक्ष स्पर्श एखाद्या लहान नाण्याएवढ्या जागेतच होतो. स्पर्श इतका कमी असल्यामुळेच रेल्वेने हजारो टन माल थोड्या इंधनात वाहता येतो. पण त्यामुळेच उभी असलेली जड गाडी जागची हलवणे अवघड होते. मागचा भार पकडीच्या पलीकडे गेला, की इंजिन कितीही अश्वशक्तीचे असले तरी त्याचे चाक नुसते फिरत राहते.

ही अडचण इंग्लंडमधल्या सॉमरसेट परगण्यात एका दगडाच्या खाणीने आपल्या परीने सोडवली. फोस्टर योमन ही कंपनी मेअरहेड येथील खाणीतून चुनखडीची खडी लांबलांबच्या शहरांकडे रेल्वेने पाठवत असे. वाघिणी तिच्या स्वतःच्या होत्या, परंतु इंजिने सरकारी ब्रिटिश रेल्वेची होती आणि त्यांच्या बिघाडांमुळे माल वेळेवर पोचेना. याच कंपनीने १९८० साली खाणीच्या आवारात वाघिणी हलवण्यासाठी अमेरिकेतून एक छोटे इंजिन आणले होते. ते जवळपास अखंड चालते हे पाहून तिने जनरल मोटर्सकडे मुख्य मार्गावर धावणारी ४ डिझेल इंजिने मागवली. ‘क्लास ५९’ नावाची ही इंजिने जानेवारी १९८६ मध्ये ब्रिटनमध्ये उतरली. ब्रिटिश रेल्वेच्या मुख्य मार्गावर खाजगी मालकीची इंजिने नियमित माल ओढू लागली ती त्यांच्यापासून. रूळ आणि चालक मात्र रेल्वेचेच राहिले.

खरे कौतुक आहे ते आकड्यांत. त्या काळच्या ब्रिटिश ‘क्लास ५६’ इंजिनाची ताकद ३,२५० अश्वशक्ती आणि वजन १२६ टन होते. नव्या इंजिनाची ताकद ३,३०० अश्वशक्ती आणि वजन १२१ टन. म्हणजे दोघे जवळजवळ सारखेच. पण गाडी जागची हलवताना जुने इंजिन जास्तीत जास्त २७५ किलोन्यूटन ओढ लावू शके, तर नवे ५०६ किलोन्यूटन.

या प्रकारच्या इंजिनात डिझेल यंत्र चाके थेट फिरवत नाही. ते वीज निर्माण करते आणि ती वीज धुऱ्यांवरच्या ६ मोटारींना जाते. पूर्वी चाक घसरू लागले, की वीज झटकन कमी केली जाई, म्हणजे ओढ सर्वांत जास्त हवी असताना ती गमावली जाई. अभ्यासातून असे दिसले होते, की चाक गाडीच्या वेगापेक्षा किंचित जास्त वेगाने, अगदी काही टक्क्यांनी, फिरत राहिले तर पकड उलट वाढते. त्याहून जास्त फिरले की ती कोसळते. या अरुंद पट्ट्यात चाकाला धरून ठेवायचे, तर गाडीचा खरा वेग चाकावरून मोजून चालत नाही, कारण चाक तर घसरतेच आहे. म्हणून इंजिनाच्या पोटाखाली एक छोटे रडार बसवले होते. रस्त्यावर पोलीस ज्या तत्त्वाने गाड्यांचा वेग मोजतात, त्याच डॉप्लर तत्त्वाने ते खालच्या जमिनीवरून वेग मोजते आणि नियंत्रक क्षणाक्षणाला वीज कमी-जास्त करतो. वाळूचे काम काही अंशी गणिताने हाती घेतले, असे मला वाटते.

पुढे १९९० मध्ये शेजारच्या व्हॉटली खाणीसाठी अशीच ४ इंजिने आली, आणि १९९४–९५ मध्ये नॅशनल पॉवर या वीज कंपनीने ६ घेतली. त्यांनी यॉर्कशायरमधल्या ड्रॅक्स वीजकेंद्राकडे कोळसाही नेला आणि चुनखडीही. कोळसा जळताना निघणारा गंधकाचा विषारी वायू चुनखडीत शोषला जातो आणि जिप्सम तयार होते. म्हणजे एकाच इंजिनाने जळण आणि त्याच्या धुरावरचा उतारा, दोन्ही वाहिले.

२६ मे १९९१ रोजी मेअरहेडच्या दोन इंजिनांना ११५ वाघिणींची, ११,९८२ टनांची गाडी जोडून परीक्षा घेण्यात आली. चाकांनी पकड सोडली नाही. वाटेत तुटली ती दोन वाघिणींमधली जोडणी.