निसरडा, पण एकाच दिशेने

कोकणात पावसाळ्यात जांभ्याच्या अंगणावर शेवाळ धरले की माणसांची चाल बदलते. पाऊल आखूड पडते, टाच आधी न टेकता सगळा तळवा एकदम टेकतो, गुडघे किंचित वाकतात आणि हात अंगापासून थोडे दूर राहतात. ही चाल कोणी शिकवत नाही. दोन-तीनदा पाय सटकला की शरीर ती आपली आपण शोधून काढते. वयाच्या 44 व्या वर्षी, बाहेर उन्हाळ्याचा पारा 40 अंशांच्या वर असताना, दुबईतल्या एका मॉलमध्ये बर्फाच्या रिंकवर मी पहिल्यांदा उतरले तेव्हा माझ्या पायांनी हीच चाल काढली आणि ती तिथे जराही कामाला आली नाही. असे का झाले, हे समजून घेताना बर्फाविषयी आणि आपल्या शरीराविषयी जे हाती लागले ते मला फार मोलाचे वाटते, कारण प्रौढ वयात स्केटिंग शिकू पाहणाऱ्याची भीती त्यातून पुष्कळशी सुटते.

शेवाळ सगळीकडे सारखेच निसरडे असते. स्केटचे पाते बर्फावर तसे नसते. ते लांबीच्या दिशेने जवळजवळ विनाअडथळा सरकते, आडव्या दिशेने मात्र बर्फात रुतून घट्ट उभे राहते. नवशिक्याला यातला पहिला भाग तात्काळ अनुभवास येतो आणि दुसऱ्या भागावर त्याचा विश्वास बसायला वेळ लागतो.

चालताना आपण मागचा पाय जमिनीवर मागे रेटतो आणि जमिनीचे घर्षण आपल्याला पुढे ढकलते. सपाट जमिनीवर साधे चालण्यासाठी घर्षणांक, म्हणजे दोन पृष्ठभागांमधली पकड सांगणारा आकडा, सुमारे 0.2 तरी असावा लागतो. कोरड्या फरशीवर रबरी तळव्याच्या चपलेला तो याच्या दुपटीहून अधिक सहज मिळतो. सराईत स्केटिंगपटूंच्या पात्याखाली मोजलेला घर्षणांक मात्र 0.005 च्या आसपास आहे. या आकड्याचा अर्थ करून पाहण्यासारखा आहे. सेकंदाला दोन मीटर या वेगाने, म्हणजे सावकाश धावण्याच्या गतीने निघालेला माणूस काहीही न करता नुसता उभा राहिला, तर हवेचा अडथळा सोडून दिल्यास निव्वळ या घर्षणाने थांबेपर्यंत तो सुमारे 40 मीटर जाईल. नवशिक्याची पाती डगमगतात, बर्फही खरवडलेला असतो, त्यामुळे प्रत्यक्षात तो बराच अलीकडे थांबतो. पण मागे रेटलेला पाय नुसता मागेच का निसटतो आणि पुढे टाकलेली टाच पुढेच का पळते, ते यावरून ध्यानात येते.

पात्याच्या खालच्या बाजूचा आकार पाहिला की आडवी पकड कुठून येते ते कळते. सुमारे चार मिलिमीटर रुंदीच्या या पट्टीला खालून लांबीभर उथळ खाच घासलेली असते, त्यामुळे तिला आतली आणि बाहेरची अशा दोन तीक्ष्ण धारा मिळतात. पाऊल थोडे बाहेर वळवून आतल्या धारेवर भार दिला आणि पाय बाजूला ढकलला, की धार बर्फाला टेकून राहते व शरीर पुढे निघते. थांबण्याची प्राथमिक पद्धतही याच गुणावर उभी आहे: बोटे आत, टाचा बाहेर करून पाते आडवे खरवडत न्यायचे. फिगर स्केटिंगच्या बुटाला पुढे करवतीसारखे दाते असतात. ते उड्या आणि गिरक्यांसाठी असतात, परंतु चालण्याच्या सवयीने चवड्यावर जोर देणारा नवशिक्या त्यांत अडखळून तोंडावर पडतो.

मुळात बर्फ निसरडा का असतो, या प्रश्नाचे शाळेत ऐकलेले उत्तर असे, की पात्याच्या दाबाने बर्फ वितळतो आणि पाण्याचा पातळ थर वंगणाचे काम करतो. दाबाने बर्फाचा वितळणबिंदू खाली येतो हे जेम्स थॉमसन यांनी 1849 मध्ये गणिताने दाखवले आणि 1886 मध्ये आयरिश शास्त्रज्ञ जॉन जोली यांनी स्केटिंगची कारणमीमांसा त्यावर उभी केली. पण हिशेब केला तर ती टिकत नाही. दाब एक वातावरण, म्हणजे समुद्रसपाटीवरच्या हवेच्या दाबाइतका, वाढला की वितळणबिंदू केवळ 0.0074 अंशाने उतरतो. सत्तर किलोचा माणूस 30 सेंटिमीटर लांबीच्या एका पात्यावर उभा राहिला, तर दाब साधारण सहा वातावरणे भरतो, म्हणजे फरक अंशाच्या शंभराव्या भागांत. धार आणि पात्याची वक्रता लक्षात घेऊन प्रत्यक्ष स्पर्शाचे क्षेत्र पंचवीस पट लहान धरले, तरी वितळणबिंदू जेमतेम एक अंशाने खाली येईल. रिंकवरचा बर्फ मात्र उणे तीन ते उणे नऊ अंशांवर असतो. शिवाय साध्या सपाट तळव्याच्या बुटानेही आपण बर्फावर घसरतोच.

1939 मध्ये बाउडन आणि ह्यूज या शास्त्रज्ञांनी स्वित्झर्लंडमधील युंगफ्राउयोख इथे, उंच पर्वतातल्या हिमगुहेत प्रयोग करून, घर्षणाची उष्णता बर्फ वितळवते असे दाखवले. वेगात असलेल्या पात्यासाठी हे महत्त्वाचे आहे, पण स्थिर उभ्या असलेल्या माणसाचा पाय का सटकतो, हे त्यातून उलगडत नाही. त्यासाठी मायकेल फॅरडे यांच्याकडे परत जावे लागते. बर्फाचे दोन तुकडे एकमेकांना टेकवले की ते चिकटतात, एवढ्या निरीक्षणावरून त्यांनी 1850 मध्ये असे मांडले, की गोठणबिंदूच्या खालीही बर्फाच्या पृष्ठभागावर द्रवासारखा पातळ थर असतो. फॅरडे यांची ही सूचना मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते, कारण ती पडताळण्याची साधने यायला पुढे शतकाहून अधिक काळ जावा लागला. बर्फाच्या आत पाण्याचा प्रत्येक रेणू चार शेजाऱ्यांशी हायड्रोजन बंधांनी बांधलेला असतो. पृष्ठभागावरच्या रेणूंना वरच्या बाजूने शेजारीच नसतो, म्हणून ते सैल राहतात. 2018 मध्ये अॅमस्टरडॅम आणि माइन्झ येथील संशोधकांनी दाखवले, की केवळ दोनच बंधांनी धरलेले पृष्ठभागावरचे रेणू जागा बदलत गडगडत असतात आणि उणे सात अंशांच्या सुमारास घर्षण सर्वांत कमी होते. त्याहून थंडी वाढली तर रेणूंची हालचाल मंदावते आणि त्याहून ऊब वाढली तर बर्फ मऊ होऊन सरकणारी वस्तू त्यात रुतते. पुढच्याच वर्षी पॅरिसमधील एका गटाने सरकत्या वस्तूखालच्या थराची जाडी मोजली. तो मिलिमीटरच्या हजाराव्या भागापर्यंत जाड निघाला, आणि त्याचा दाटपणा पाण्यापेक्षा तेलाच्या जवळचा होता. चौपाटीवरच्या बर्फाच्या गोळ्याच्या तळाशी जो अर्धा चुरा, अर्धे पाणी असा लगदा उरतो, त्याची अतिसूक्ष्म आवृत्ती पात्याखाली असते. 2025 मध्ये जर्मनीतील सारलँड विद्यापीठातून आलेल्या संगणकीय अभ्यासाने तर उष्णता किंवा दाब यांची मदत नसतानाही सरकण्याच्या क्रियेनेच रेणूंची रचना विस्कटते, असे सुचवले आहे. हा विषय अजून जिवंत आहे.

असा बर्फ वाळवंटातल्या शहरात टिकवणे हे काम लहान नाही. शिमल्याची रिंक 1920 पासून उघड्यावर, डोंगरातल्या रात्रीच्या थंडीने गोठते. यंत्राने गोठवलेली पहिली रिंक त्याआधीच, 1876 मध्ये लंडनला जॉन गॅम्जी यांनी सुरू केली. ते पशुवैद्यक होते आणि दूरदेशीचे मांस गोठवून आणण्याच्या खटपटीतून त्यांना ही पद्धत सापडली. आजही तत्त्व तेच आहे. काँक्रीटच्या थरात कित्येक किलोमीटर नळ्या पुरलेल्या असतात, त्यांतून शून्याखालचे क्षारद्रावण फिरते आणि वर थरावर थर देत पाणी गोठवले जाते. ऑलिंपिक आकाराच्या, म्हणजे 60 बाय 30 मीटरच्या रिंकवर तीन सेंटिमीटर बर्फ धरला, तर सुमारे 50 हजार लिटर पाणी लागते, म्हणजे दहा हजार लिटरचे पाच टँकर.

आता शरीराकडे वळू. तोल सांभाळताना मेंदू तीन ठिकाणांहून माहिती घेतो: डोळे, आतल्या कानातील तोलाचे अवयव, आणि तळवे, सांधे व स्नायू यांतील संवेदना. चाळीस वर्षे चालून या माहितीचा एक पक्का अर्थ बसलेला असतो, की तळव्याखाली दाब जाणवला म्हणजे पाय स्थिर आहे. बर्फावर तो अर्थ चुकतो. त्यातच घाबरलेला माणूस घोट्याच्या पुढचे आणि मागचे स्नायू एकाच वेळी आवळून धरतो, त्यामुळे बारीकसारीक दुरुस्त्या करण्याची पायांची क्षमता घटते. तो खाली पायांकडे पाहतो, चार-पाच किलोचे डोके पुढे येते, कंबरेतून अंग वाकते आणि भार चवड्यावर, त्या दात्यांवर जातो. प्रशिक्षक पुन्हा पुन्हा ‘गुडघे वाकवा, समोर बघा’ असे सांगतात, ते याचसाठी. वाकलेल्या गुडघ्यांनी गुरुत्वमध्य खाली येतो आणि दूरवरची स्थिर वस्तू डोळ्यांना आधार देते.

कठड्याबाबत एक बारकावा फार उपयोगी आहे. उभ्या माणसाने एका बोटाने स्थिर वस्तूला अगदी हलका, शंभर ग्रॅमहून कमी जोराचा स्पर्श केला तरी त्याचे डुलणे लक्षणीय कमी होते, असे प्रयोगांत आढळले आहे. इतक्या जोराने शरीर पेलले जात नाही. स्पर्शातून मिळते ती माहिती. उलट कठड्याला लोंबकळणाऱ्याचे हात भार घेतात आणि पायांना शिकण्याची संधीच मिळत नाही. मी पहिला अर्धा तास हेच केले.

शेजारून पाच वर्षांची मुले पडत, उठत निघून जातात तेव्हा मोठ्यांना वाटणारा संकोच निराधार आहे. अठरा किलोच्या मुलाचा गुरुत्वमध्य सुमारे 60 सेंटिमीटर उंचीवर असतो, सत्तर किलोच्या प्रौढाचा 95 सेंटिमीटरवर. पडताना जमिनीवर येणारी ऊर्जा मुलाच्या बाबतीत शंभर ज्यूलच्या आसपास, तर प्रौढाच्या बाबतीत साडेसहाशे ज्यूल, म्हणजे सहापट भरते. पडताना हात पुढे टेकणे ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे आणि तीच मनगटाला महागात पडते. मनगटाजवळच्या या अस्थिभंगाचे वर्णन डब्लिनचे शल्यविशारद अब्राहम कॉलिस यांनी 1814 मध्ये, क्ष-किरणांचा शोध लागण्याच्या 81 वर्षे आधी, केवळ बाहेरून तपासून केले होते. म्हणून मनगटाचे संरक्षक पट्टे बांधावेत, आणि पाय पुढे पळून मागे पडण्याचा धोका असल्याने हेल्मेटही घालावे. हाडे ठिसूळ झाल्याचे निदान असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. तोल गेलाच तर ताठ न होता गुडघ्यांतून खाली बसत एका कुशीवर, मांडीच्या बाजूने पडावे, हात छातीशी घ्यावेत आणि मुठी मिटाव्यात, कारण मागून येणाऱ्यांची पाती धारदार असतात. हे मोकळ्या बर्फावर जाण्यापूर्वी कठड्याजवळ मुद्दाम दोन-चार वेळा करून पाहिलेले बरे. पडणे अनोळखी राहिले नाही की घोट्यांची आवळलेली पकड बरीच सैल होते.

शिकण्याचे काम रिंकवरून बाहेर आल्यावरही चालू राहते. हालचालीतली चूक ओळखून पुढची आज्ञा सुधारण्यात लहान मेंदूचा मोठा वाटा असतो, आणि नव्याने शिकलेल्या हालचालींची स्मृती झोपेत पक्की होते. मी दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा गेले. कठडा सोडून उजवे पाऊल बाहेर वळवले, आतल्या धारेवर भार दिला आणि पाय बाजूला ढकलला. पाते निसटले नाही. डाव्या पायावर मी चारेक मीटर सरळ गेले, मग डावे पाऊल बाहेर वळवले.