टॅपेट वाजतंय म्हणून गॅप कमी करू नका

ओव्हरहॉल केलेल्या ट्रकच्या इंजिनात टकटक आली की ‘टॅपेट थोडं टाइट करा, आवाज जाईल’ हा सल्ला हमखास मिळतो, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातला गॅप कमी करा. आवाज जातोही, पण व्हॉल्व्ह जळतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह (जळालेला वायू बाहेर सोडणारा) आपली बहुतेक उष्णता सीटला, म्हणजे तो जिथे बसतो त्या कडीला, टेकूनच सोडतो. गॅप कमी पडला की गरम झाल्यावर तो पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन गळतं आणि कड जळते.

कंपनीच्या मापाने गॅप ठेवूनही वाजत असेल तर रॉकरचं टोक नखाने चाचपा. तिथे खड्डा पडला असेल तर फीलर गेजची (गॅप मोजायची) पाती त्यावर आडवी बसते: 0.30 मिमीची पाती बरोबर घासली तरी खरा गॅप जास्तच असतो. पुशरॉड (रॉकरला खालून ढकलणारी दांडी) काचेवर लोळवा, वाकडा लगेच कळतो. मग पुशरॉडवर डायल गेज लावून लिफ्ट, म्हणजे तो किती वर उचलला जातो ते, मोजा, इनलेटची इनलेटशी आणि एक्झॉस्टची एक्झॉस्टशी ताडून. एखादीच कमी भरली तर तो कॅम (पुशरॉडला उचलणारा उंचवटा) घासलाय. कितीही वेळा गॅप लावा, पुन्हा वाढणार.

सगळेच रॉकर वाजत असतील तर आधी तेल बघा. रॉकर शाफ्ट उलटा बसला किंवा सीलंटने तेलाचं भोक बुजलं, की वर तेल पोहोचत नाही. नुकत्याच बांधलेल्या इंजिनात पहिला संशय इथेच घ्यावा.