उदोनची कंबर

जपानमधल्या ताकामात्सुच्या एका उदोनच्या दुकानाशी सकाळी साडेनऊला पोचलो, तर रांग पार फुटपाथवर आलेली. पण सरकत होती झपाझप. आत बसलेली माणसं पाच-सात मिनिटांत बोल रिकामा करून उठत होती. न्याहारीची एवढी कसली घाई, असं वाटलं. घाई माणसांना नव्हती, नूडल्सना होती, हे नंतर कळलं.

ताकामात्सु हे कागावाचं मुख्य शहर. कागावा हा क्षेत्रफळाने जपानमधला सगळ्यात लहान प्रांत, जुनं नाव सानुकी. इथे पाऊस कमी, त्यामुळे भाताइतकीच गव्हाची सवय. शेजारच्या समुद्रातून मीठ आणि सुकी मासळी मिळते, शोदोशिमा बेटावर सोया सॉस मुरतो. उदोन म्हणजे गव्हाच्या पिठाची जाड, पांढरी नूडल. साहित्य तीनच : पीठ, पाणी, मीठ. आपल्या पोळीहून एकही जिन्नस जास्त नाही, तेलसुद्धा नाही.

काउंटरपलीकडे एक जण चक्क पायांनी कणीक तुडवत होता. पिठाचा गोळा जाड प्लास्टिकच्या दोन पडद्यांमध्ये, वर हा मोजे घालून उभा. लाद सपाट झाली की घडी घालायची आणि पुन्हा तुडवायची. यात प्रदर्शन काही नाही. उदोनच्या कणकेत पाणी पिठाच्या वजनाच्या निम्म्याहूनही कमी असतं. पोळीच्या कणकेपेक्षा ती कितीतरी घट्ट. हातांनी मळायला गेलं तर मनगटं भरून येतील, म्हणून अंगाचं सगळं वजन कामाला लावायचं.

तुडवून साधायचं काय? कुरडया केलेल्या घरात हे चटकन समजेल. भिजवलेला गहू वाटून पिळला की खाली उतरतो तो चीक, म्हणजे स्टार्च. ग्लुटेन बरंचसं कोंड्याबरोबर वर चोथ्यात अडकतं. कुरडईला फक्त चीक हवा असतो; उदोनला दोन्ही हवेत. ग्लुटेन दोन प्रथिनांनी बनतं : ग्लायडिनमुळे कणीक ताणली जाते, ग्लुटेनिनमुळे ती परत ओढ घेते. तुडवताना आणि घड्या घालताना त्यांची जाळी विणली जाते. मग गोळा दोन-तीन तास झाकून ठेवतात, तेव्हा ती जाळी जरा सैलावते. ताज्या मळलेल्या कणकेची पोळी लाटताना आक्रसते आणि मुरलेली गुमान पसरते, तेच हे.

मिठाचं काम चवीपुरतं नाही. प्रथिनांच्या साखळ्यांवर विद्युतभार असतात, ते एकमेकांना ढकलतात. मिठाचे आयन ते भार झाकतात, साखळ्या जवळ येतात आणि कणीक कसली जाते. उन्हाळ्यात कणीक ढिली पडते म्हणून मीठ जास्त. त्याचा हिशेब इथले कारागीर एका जुन्या सूत्रात सांगतात : ‘दो सान, कान रोकु’. ऐन उन्हाळ्यात एक माप मिठाला तीन मापं पाणी, कडाक्याच्या थंडीत सहा, एरवी पाच. उकळताना यातलं बरंचसं मीठ पाण्यात निघून जातं, म्हणून नूडल खारट लागत नाही.

एक गंमत म्हणजे सानुकी उदोनचं बरंचसं पीठ ऑस्ट्रेलियन गव्हाचं असतं. स्टार्चमधला एक घटक, अमायलोज, ज्या तीन जनुकांमुळे बनतो, त्यांतलं एक त्या गव्हात निकामी आहे. अमायलोज थोडं कमी, म्हणून नूडल मऊ आणि तरी लवचीक. कागावाच्या शेतीसंशोधकांनी नंतर स्वतःचं वाण काढलं. नाव ‘सानुकी नो युमे’, सानुकीचं स्वप्न.

आता मुख्य गोष्ट. चांगल्या उदोनमध्ये ‘कोशी’ असते, असं जपानी माणूस म्हणतो. कोशी म्हणजे कंबर. दात आधी सहज रुततो, मग मध्यावर नूडल किंचित अडवते. ही कंबर असते पाण्यातल्या फरकात. जाड नूडल दहा-पंधरा मिनिटं उकळते, तेव्हा बाहेरच्या थरात साधारण ८० टक्के पाणी शिरलेलं असतं, गाभ्यात जेमतेम ५०. बाहेर स्टार्चचे कण टम्म फुगलेले, आत नुसते शिजलेले. काढल्याबरोबर नूडल्स गार पाण्यात खळाखळा चोळून धुतात. वरचा बुळबुळीतपणा जातो आणि शिजणं थांबतं. पाण्याचा प्रवास मात्र थांबत नाही. ते बाहेरून आत झिरपत राहतं, फरक मिटत जातो आणि उदोनची कंबर मोडते. गरम रश्शात तर लवकरच.

म्हणूनच इथे ऑर्डर देताना नूडलचं तापमान आधी आणि रश्शाचं नंतर सांगायची रीत काही दुकानांत आहे. ‘आत्सुआत्सु’ म्हणजे दोन्ही गरम. ‘हियाआत्सु’ म्हणजे गार नूडलवर गरम रस्सा. मी दोन्ही मागवले, लहान मापाचे.

रस्सा सुक्या छोट्या मासळीचा, इरिकोचा. उत्तम इरिको इबुकी बेटाजवळचे. जोडीला कोम्बु हे समुद्री शेवाळ. कोम्बुतली चव ग्लुटामेटची आहे, हे जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये शोधलं. सुक्या मासळीत इनोसिनेट हे दुसरं चवीचं द्रव्य असतं. ही दोन एकत्र आली की चव नुसती दुप्पट होत नाही, कित्येक पटींनी वाढते. (शाकाहारी मंडळींनी सावध असावं, साध्या दिसणाऱ्या रश्शातही मासळी असतेच.)

शेजारचे आजोबा मोठ्याने भुरके मारत होते. भुरक्याबरोबर हवा आत जाते, घास निवतो आणि वास घशामागून नाकात चढतो. मला हे जमेना. शिवाय आधी फोटो काढले, मग वहीत टिपणं. आत्सुआत्सुकडे वळलो तोवर नूडल्स सुजल्यासारख्या झाल्या होत्या, दाताखाली शेवयांच्या खिरीसारख्या. हियाआत्सु अजून तग धरून होता. पहिला घास मऊ, मग मध्यावर ती बारीकशी अडवणूक.

बाहेर पडलेल्या एका गिऱ्हाइकापाठोपाठ मालकीणबाई आल्या आणि दारावरची पाटी उलटी करून गेल्या : ‘तामागिरे’. नूडल्सचे गोळे संपले. रांगेत अजून आठ-दहा जण उभे होते. कुणी कुरकुरलं नाही.