शौचालयाच्या अनुदानाचा अर्ज: आधी खड्ड्याची जागा तपासा

शौचालयाच्या अनुदानाचा अर्ज भरायला आलेल्या माणसाचा पहिला प्रश्न असतो, "पैसे कधी पडणार?" खड्डा कुठे घ्यायचा हे मात्र गवंडी पहार घेऊन उभा राहिल्यावर ठरतं. मग चार-पाच वर्षांत विहिरीला वास येतो.

अनुदान स्वच्छ भारत मिशन (ग्रामीण) मधून मिळतं. रक्कम १२,००० रुपये, त्यात केंद्राचे ७,२०० आणि राज्याचे ४,८००. घरात शौचालय नसलेली दारिद्र्यरेषेखालची कुटुंबं पात्र आहेत. रेषेच्या वरच्यांपैकी अनुसूचित जाती-जमाती, अल्प व अत्यल्प भूधारक, घर असलेले भूमिहीन मजूर, दिव्यांग आणि महिला कुटुंबप्रमुख यांनाही मिळतं. आधी लाभ घेतला असेल तर पुन्हा नाही.

अर्ज ग्रामपंचायतीत किंवा मिशनच्या पोर्टलवर करता येतो. आधार, बँक पासबुक, रेशनकार्ड, फोटो, घराचा नमुना ८ चा उतारा (ग्रामपंचायतीतली घराची नोंद) आणि ज्या प्रवर्गातून अर्ज करता त्याचा दाखला जवळ ठेवा. शेतकऱ्याने ८-अ (शेतजमिनीचा खातेउतारा) जोडावा. आधारवर 'पांडुरंग' आणि पासबुकात 'पांडूरंग' असेल तर आधी ते सरळ करून घ्या, कारण एका उकारापायी अर्ज अडतो. रक्कम बांधकाम झाल्यावर, जागेच्या नोंदीसह फोटो चढला की खात्यावर येते.

आता जमीन. दोन शोषखड्ड्यांचं शौचालय घेत असाल तर खड्ड्याचा तळ आणि पावसाळ्यातली भूजल पातळी यांत किमान २ मीटर अंतर हवं. मे महिन्यात विहीर बघून हे ठरवू नका. सप्टेंबर-ऑक्टोबरात दोरीला दगड बांधून शेजारच्या विहिरीचं पाणी किती खाली आहे ते मोजा.

सेप्टिक टँक बांधणार असाल तर त्याचं पाणी जिरायला जागा लागते, आणि ती पिण्याच्या पाण्यापासून किमान १८ मीटर लांब हवी. माती पाणी किती पिते हे घरच्या घरी कळतं. शोषखड्डा जितका खोल घेणार तितक्या खोलीवर वीतभर रुंदीचं भोक घ्या. पहारीने गुळगुळीत झालेल्या बाजू खरवडा, तळाला ५ सेंमी जाड वाळू टाका आणि पाणी भरून रात्रभर मुरू द्या. सकाळी वाळूवर १५ सेंमी पाणी ठेवून अर्ध्या तासात ते किती उतरलं ते पट्टीने मोजा. ५ सेंमी उतरलं, म्हणजे २.५ सेंमीला १५ मिनिटं: मुरमाड जमीन, शोषखड्डा चालेल. २.५ सेंमीला ३० ते ६० मिनिटं लागत असतील तर उथळ शोषचर (पाणी जिरवायचा लांबट चर) बरा. १ सेंमीच उतरलं तर हिशेब ७५ मिनिटांवर जातो, आणि तिथे सेप्टिक टँकचं पाणी जिरवण्याचा नाद सोडा.

काळ्या मातीत दोन शोषखड्ड्यांचं शौचालय घेताच येत नाही असं नाही. जाळीदार विटकामाभोवती ३० सेंमी वाळू-खडीचा थर भरून घ्या. जांभा किंवा भेगाळ खडक असेल तर मात्र जपा. तिथे पाणी इतक्या झटकन जातं की लोक खूश होतात, पण ते न गाळताच भेगेतून विहिरीत उतरतं. तिथे अर्ध्या तासाची चाचणी फसवी ठरते, पंचायतीच्या अभियंत्याला जागेवर बोलवा.

आणि दोन खड्ड्यांचं शौचालय असेल तर फोटो काढण्याआधी वाय-चेंबरचं, म्हणजे जिथून मैला या किंवा त्या खड्ड्याकडे वळतो त्या चौकोनी टाकीचं, झाकण उचलून बघा. एका खड्ड्याकडची वाट विटेने बंद असायला हवी. घाईत दोन्ही उघड्या राहतात आणि दोन्ही खड्डे एकदमच भरतात.