विज्ञानशिक्षणातील भाषेचा अडसर : व्ही. जी. कुलकर्णी यांच्या संशोधनाची पार्श्वभूमी

मुंबईतील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आज बहुतेकांना ऑलिंपियाडमुळे ठाऊक असले, तरी त्याची सुरुवात स्पर्धा परीक्षांपासून फार दूर, महापालिकेच्या शाळांत झाली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील काही शास्त्रज्ञ, त्यांत बा. मो. उदगावकर आणि व्ही. जी. कुलकर्णी हे प्रमुख, शालेय विज्ञानाच्या अध्यापनात लक्ष घालू लागले होते. या खटपटीला १९७४ मध्ये सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या अर्थसाहाय्याने संस्थेचे रूप मिळाले आणि केंद्राची धुरा कुलकर्णींकडे आली. केंद्राचा संसार आरंभी नाना चौकातील महापालिका शाळेत थाटला गेला. मानखुर्दची स्वतंत्र वास्तू मिळायला १९९२ साल उजाडले.

शेजारच्या मध्य प्रदेशात १९७२ पासून होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू होता. त्याचा भर मुलांनी स्वतः प्रयोग करण्यावर होता. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारीही जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरात शिक्षकांबरोबर काम करू लागले, परंतु त्यांच्या संशोधनाचा रोख पुढे वेगळ्याच दिशेला वळला. मुले विज्ञानात मागे पडण्याची साहित्य नाही, प्रयोगशाळा नाही, शिक्षक अपुरे, ही कारणे खरीच होती. तथापि पाठ्यपुस्तकाची भाषाच मुलाच्या आणि विज्ञानाच्या मध्ये उभी राहते, हे त्यांनी ठामपणे मांडले. दोरीवरचे कपडे वाऱ्याने लवकर वाळतात हे ज्या मुलीला रोजच्या कामातून ठाऊक आहे, तीच बाष्पीभवनाची संस्कृतप्रचुर, कर्मणी प्रयोगातली व्याख्या वाचताना अडखळते आणि शेवटी घोकंपट्टीचा आधार घेते. मराठी माध्यम म्हणजे मातृभाषेतून शिक्षण, असे आपण सहज गृहीत धरतो. घरात वाचनाची परंपरा नसलेल्या मुलाला मात्र ग्रांथिक मराठी जवळजवळ परकीच असते.

व्ही. जी. गंभीर यांच्यासह कुलकर्णींनी शिक्षणाच्या सार्वत्रिकीकरणावर भाषेच्या अडसराचा काय परिणाम होतो, याचा अभ्यास १९८० च्या दशकाच्या आरंभी प्रसिद्ध केला. आशय सौम्य न करता केवळ मांडणी सुलभ करायची, हे त्यातील पथ्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण वंचित मुलांसाठी अभ्यासक्रमच हलका करावा हा सोयीचा मार्ग तेव्हाही अनेकांना पटत असे.

याच सुमारास मुंबई महापालिकेच्या शाळांतील अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी प्रज्ञासंवर्धनाचा प्रकल्प उभा राहिला, ज्यात सुधाकर आगरकर हे कुलकर्णींचे सहकारी होते. या मुलांची क्षमता कमी नाही, तिला वाव मिळत नाही, ही त्यामागची भूमिका होती. म्हणून भाषेची तयारी, वाचन आणि चर्चा यांना विज्ञान व गणिताच्या तासांइतकेच स्थान देण्यात आले. दोघांनी लिहिलेला या प्रकल्पाचा अहवाल १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला.